वॉरंटी नाकारता ना, मग कारण लेखी द्या: ईव्ही कंपन्यांना नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
इलेक्ट्रिक कार विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे वॉरंटी विभाग,
आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली

नमस्कार,

मी नागपूरची, बेसा भागात राहते, घरी इलेक्ट्रिक कार आहे आणि ती कार मला आवडते हे आधीच सांगून ठेवते, कारण वॉरंटीबद्दल तोंड उघडलं की लगेच कोणीतरी म्हणतं घ्यायचीच कशाला होती ईव्ही, पेट्रोल काय वाईट होतं. तो विषयच नाही. विषय असा की मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, बॅटरी यातलं काही बिघडलं, गाडी सर्व्हिस सेंटरला गेली, की काही दिवसांनी तुमच्याकडून निरोप येतो, "कंपनीनं रिजेक्ट केलं." कोणी केलं, कशावरून केलं, पुस्तिकेतल्या कोणत्या अटीखाली केलं, काही पत्ता नाही. काउंटरवरचा मुलगा मान खाली घालून सांगतो कारण त्यालाही तेवढंच कळवलेलं असतं. लाखांचा खर्च आणि त्याचं कारण म्हणून एक तोंडी वाक्य. माझी मागणी इथंच लिहून टाकते: नाकारायचं तर कारण लेखी द्या, ज्या डेटावरून नाकारलं तो डेटा गाडीमालकाच्या हातात द्या, आणि बिघाड मालकामुळं झाला म्हणत असाल तर ते सिद्ध करायचं काम तुमचं.

शोरूममध्ये काय सांगतात ते एकदा आठवा. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, मॅडम टेन्शनच घेऊ नका. आता तर काही कंपन्या पहिल्या मालकाला बॅटरीवर लाइफटाइम वॉरंटी देऊन राहिल्या. घेणारा माणूस काय समजतो, की गाडी पुढे ढकलणारं जे काही आहे ते सगळं त्यात आलं, आणि त्याचं काही चुकत नाही, कारण बोलणं तसंच असतं. मग बिघाड झाल्यावर पुस्तिका नीट वाचली की कळतं ८ वर्षं ही बॅटरी पॅकला आणि मोटरला आहेत, आणि इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, रिडक्शन गिअरबॉक्स, कूलंटचा पंप हे कित्येक वेळा गाडीच्या साध्या ३ वर्षांच्या वॉरंटीत टाकलेलं असतं. आता बॅटरीतून निघतो डीसी करंट, मोटर चालते थ्री-फेज एसीवर, मधे इन्व्हर्टर नसला तर ती ८ वर्षंवाली मोटर जागची हलणार नाही. आणि याहून मोठं सांगते. बऱ्याच नव्या गाड्यांत मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स एकाच हाउसिंगमध्ये येतात, त्यात एक बेअरिंग वाजायला लागलं किंवा एक ऑइल सील गळायला लागलं तरी तुम्ही म्हणता सुटा पार्ट मिळत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. बिल करताना ते एकच युनिट असतं. वॉरंटी बघताना त्याचेच तीन वेगळे पार्ट होतात आणि बिघडलेला पार्ट नेमका ३ वर्षंवाला निघतो. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात सरळ लिहिलंय की डिस्क्लेमरनं महत्त्वाची माहिती लपवायची नाही, आणि दावा ज्या भाषेत त्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये डिस्क्लेमर पाहिजे. मग मराठी पेपरात "८ वर्षं वॉरंटी" हे मोठ्या मराठी अक्षरात आणि खाली चांदणी मारून "अटी लागू" बारीक इंग्रजीत, हे कसं चालतं? प्राधिकरणाला एकेका ग्राहकाच्या तक्रारीची वाट बघायची गरज नाही, सगळ्या ग्राहकांच्या वतीनं स्वतः चौकशी करायचा अधिकार त्यांना कायद्यानं दिलाय. तो या एका जाहिरातीवर वापरा अशी ग्राहक व्यवहार विभागाला माझी विनंती आहे.

आता पाण्याकडे येते, कारण नागपुरात अर्धी भांडणं पाण्यावरून आहेत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथं कोणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीपर्यंत पाणीच पाणी, माणसं गेली त्या दिवशी. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा पुरात बुडालेल्या गाडीचा क्लेम विम्याकडे जातो हे मला मान्य आहे, त्यासाठी मी कंपनीला दोष देणार नाही. पण त्यानंतर काय झालंय, की पावसाळ्यात कोणत्याही ईव्हीमध्ये इलेक्ट्रिकल बिघाड निघाला की "वॉटर इनग्रेस", म्हणजे आत पाणी शिरलं, हा शिक्का तयारच असतो. गाडी त्या दिवशी कुठे होती, किती पाण्यातून गेली, गेली तरी का, कोणी विचारत नाही. आणि मालक मधल्यामधे अडकतो. कंपनी म्हणते बाहेरचं पाणी आहे, हे विम्याचं काम. विमावाला म्हणतो कुठे आहे पूर, कुठे आहे अपघात, हा तर इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन आहे आणि तो पॉलिसीत वगळलेला आहे, वाचा. आणि खरंच वगळलेला असतो, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन मोटर पॉलिसीच्या ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात, बसत नाही. म्हणजे एकच बिघाड, दोन टेबलं, आणि दोन्हीकडून परत.

माझ्या गाडीचं हेच झालं. वर्धा रोडवर चालता चालता पॉवर कमी झाल्याचा मेसेज आला, लाल दिवा लागला, गाडी कासवगतीनं कशीबशी बाजूला घेतली. स्कॅनर लावल्यावर आयसोलेशन फॉल्ट निघाला आणि सांगितलं इन्व्हर्टरच्या कनेक्टरमध्ये ओलावा आहे, म्हणजे पाण्यातून नेली असणार, रिजेक्ट. मी ती गाडी साचलेल्या पाण्यात घातली नव्हती, पाऊस असला की नरेंद्र नगरच्या पुलाखालून जायचंच नाही हा आमच्या घरचा नियम आहे. एस्टिमेट आलं ते माझ्या वर्षभराच्या पगाराच्या जवळपास जातं. एक खाजगी नोकरी करणारी बाई हे कुठून आणेल याचा विचार त्या ईमेलमध्ये कुठेच नव्हता, कारण ईमेलच नव्हता, फोन होता.

म्हणून हा आयसोलेशन फॉल्ट काय असतो ते मी बसून समजून घेतलं आणि इथं सांगते, कारण बहुतेकांना तो शब्द ऐकूनच गप्प बसवलं जातं. गाडीतली हाय व्होल्टेज लाइन तीनशे-चारशे व्होल्टची असते आणि ती गाडीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळी ठेवावी लागते. मधला रेझिस्टन्स किती असावा याचंही स्टँडर्ड आहे, डीसी भागासाठी दर व्होल्टला निदान १०० ओहम आणि एसी भागासाठी ५००. तो खाली गेला की सिस्टीम ओरडते, आणि ओरडलीच पाहिजे, जीवाचा प्रश्न आहे. पण स्कॅनरवर येणारा तो बिघाडाचा कोड एवढंच सांगतो की रेझिस्टन्स कमी झाला. का झाला हे तो सांगत नाही. केबलचं इन्सुलेशन कुठे घासलं असेल, सील फॅक्टरीतूनच नीट बसलं नसेल, मोटरच्या आत कूलंट झिरपलं असेल, कनेक्टर मागच्या सर्व्हिसला नीट लॉक झाला नसेल. आणि ओलावा असला तरी तो नदीतून आला असं कशावरून? आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झाला होता, त्या उन्हात तापलेलं रबर आणि प्लॅस्टिक जूनमध्ये एका सरीत थंड होतं, हाउसिंगच्या आतली हवा आकसते आणि जिथं सील कमजोर तिथून दमट हवा आत ओढली जाते. हे कंपनीच्या इंजिनिअरला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. नागपूरचं हवामान हा काही ग्राहकाचा निष्काळजीपणा नाही, गाडी इथं विकायला आणली तेव्हा ते तुम्हाला ठाऊक होतं.

आणि आयपी ६७ चं काय? जाहिरातीत बॅटरी पॅक आयपी ६७ म्हणून मिरवता, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाणार नाही. मग पॅकच्या आत ओलावा सापडला तर पहिला संशय सीलवर यायला पाहिजे की मालकावर? मी तर म्हणते जोवर खालच्या भागाला मार लागल्याची खूण नाही, हाउसिंग फुटलेलं नाही, गाडीच्या आत सीटपर्यंत चिखल नाही, तोवर आत गेलेलं पाणी हा उत्पादनातला दोष धरायला पाहिजे.

तुम्ही म्हणाल लॉग, म्हणजे गाडीतल्या सेन्सरची नोंद, खोटं बोलत नाही. ३० मे २०२४ आठवा. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्रानं नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं, देशभर बातमी झाली. दुसऱ्या केंद्रावर ४४ च्या आसपास होतं. हवामान खात्यानं पडताळणी केली आणि जाहीर सांगितलं की सेन्सर नीट चालत नव्हता. सरकारी खातं आपल्या यंत्राचं रीडिंग दुसऱ्या यंत्राशी ताडून बघतं आणि चुकलं तर चुकलं म्हणतं. तुमच्या गाडीतला एक सेन्सर जे म्हणेल ते शेवटचं, दुसरी तपासणी नाही, आम्हाला रीडिंग दाखवणंही नाही, असं का? धंतोली-रामदासपेठेत कोणत्याही लॅबमध्ये रक्त दिलं तर रिपोर्ट पेशंटच्या हातात मिळतो, तो घेऊन माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. माझ्या गाडीचा रिपोर्ट मात्र तुमच्या सर्व्हरवर आणि मी त्यासाठी अर्ज करून राहिले.

मग येतं ते गुडविल. रिजेक्ट केल्यावर, आपण जरा आवाज चढवला, दोन-चार ठिकाणी मेल टाकले, की फोन येतो की मॅडम कंपनी गुडविल म्हणून पार्टच्या किमतीत अर्धी सूट द्यायला तयार आहे, फक्त एका पत्रावर सही करा की माझी काही तक्रार उरली नाही. अनेक जण सही करतात कारण गाडी अडकलेली असते, ईएमआय चालू असतो, रोज ओलाचे पैसे जात असतात. मला यावर राग येतो आणि मी तो लपवणार नाही. चूक माझी असेल तर एवढ्या पैशांची सूट कशासाठी, आणि चूक तुमची असेल तर उरलेले अर्धे माझ्याकडून कशासाठी? ज्यानं भांडण केलं त्याला अर्धं, ज्याला भांडता येत नाही, इंग्रजीत मेल लिहिता येत नाही, त्यानं पूर्ण भरायचं, असा हिशोब होतो हा. वॉरंटी हा करार आहे.

बाहेर काम केल्याचं कारणही सर्रास चालतं. हाय व्होल्टेजला गल्लीतल्या मेकॅनिकनं हात लावू नये हे शंभर टक्के मान्य, जीव जाईल, आणि कोणी तिथं वायर कापून काही जोडलं असेल तर ती वॉरंटी जरूर नाकारा. पण सस्पेन्शनचं बुश बाहेर बदललं, म्युझिक सिस्टीम बाहेर बसवली, एवढ्यावरून मोटरची वॉरंटी कशी जाते? २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू न दिल्याबद्दल. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण त्या आदेशातलं एक वाक्य आजही प्रत्येक ईव्हीवाल्यानं पाठ करावं असं आहे: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे पुन्हा तेच, अमक्या कामामुळं तमका पार्ट गेला हे दाखवा.

बॅटरीच्या हेल्थबद्दल, म्हणजे नव्या बॅटरीच्या मानानं किती क्षमता उरली याबद्दल, थोडक्यात. वॉरंटी म्हणते अमुक टक्क्यांच्या खाली हेल्थ गेली तर बॅटरी बदलू, पण हेल्थ मोजणार तुमचं सॉफ्टवेअर, तुमच्याच मशीनवर, आणि डॅशबोर्डवर तो आकडा बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर मार्च २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक नियम ठरला, क्रमांक २२, त्यात कारसाठी ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला ७० टक्के हे किमान धरलंय आणि बॅटरीची हेल्थ मालकाला गाडीतच दिसावी असंही म्हटलंय. आपल्याकडे २०२२ मध्ये स्कूटरी पेटल्यावर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम लगेच कडक झाले, चांगलं झालं. तसंच आता टिकाऊपणाचं करा. मीटर माझ्यासमोर असला की वाद तिथंच मिटेल.

कोर्टात जा म्हणणाऱ्यांसाठी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चांगला आहे, मी नावं ठेवणार नाही. ५० लाखांपर्यंतची वस्तू असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की आणखी कुठे, आपण जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, म्हणजे मला नागपूरच्याच आयोगात. कायद्यात लिहिलंय की तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. आयोगात गेलेल्या कोणालाही विचारा काय होतं ते. आणि इलेक्ट्रिक ड्राइव्हट्रेनच्या, म्हणजे मोटर-इन्व्हर्टर-गिअरबॉक्सच्या भांडणात तपासणी तर लागणारच. ती करायची कोणी? कायदा म्हणतो योग्य प्रयोगशाळा, फी आधी तक्रारदारानं भरायची. गाडी बंद पडलेली, गाड्या तपासणारी संस्था एआरएआय पुण्यात, म्हणजे ट्रकवर टाकून सातशे किलोमीटर न्यायची का? इथं दक्षिण अंबाझरी रोडवर व्हीएनआयटी आहे, राष्ट्रीय दर्जाची संस्था, इलेक्ट्रिकलचा विभाग आहे, प्राध्यापक आहेत. अशा संस्थांना ईव्हीच्या तपासणीसाठी अधिकृत करा, लागेल ती साधनं द्या, कंपन्यांना सांगा की तपासणीचं सॉफ्टवेअर त्यांना पुरवावंच लागेल. प्रत्येक विभागात एक तरी जागा अशी असू द्या. यात ग्राहक व्यवहार विभागाला कोणता नवा कायदा करायची गरज आहे असं मला वाटत नाही, डिसेंबर २०२२ मध्ये तुम्हीच राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि त्यात गाड्या हे क्षेत्र घेतलं होतं, तेच पुढे न्या.

सर्व्हिस सेंटरच्या मुलांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आमच्या इकडच्या त्या मुलांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, एकानं तर हळूच सांगितलं ताई लेखी मागा. शिव्या तेच खातात आणि निर्णय त्यांचा नसतो. निर्णय करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा नकाराच्या पत्रावर असला पाहिजे.

त्या पत्रात काय पाहिजे ते सांगते, म्हणजे समजलं नाही असं होणार नाही. कोणता पार्ट, त्याचा नंबर, तो किती वर्षांच्या वॉरंटीत येतो. कोणता कोड आला, कोणत्या तारखेला, गाडी किती किलोमीटरवर असताना. उघडून बघितलं तेव्हाचे फोटो. पुस्तिकेतली कोणती अट मोडली आणि ती मालकानं मोडली याचा पुरावा कोणता. जुना पार्ट आमच्या समोर सीलबंद करून ठेवा, निकाल लागेपर्यंत भंगारात टाकू नका, कारण पार्ट गेला की तपासायला काही उरतच नाही. आणि हे सगळं ठरलेल्या मुदतीत, नाहीतर क्लेम मंजूर धरायचा. मराठीत मागितलं तर मराठीत.

माझी तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे आणि आयोगासाठी कागद तयार करून राहिले. ज्या कंपनीशी माझा वाद आहे तिचं नाव मी मुद्दाम इथं लिहिलं नाही, तिला ते कळेलच, आणि बाकीच्या कंपन्यांच्या गाड्यांचे मालकही हेच सांगून राहिले म्हणून पत्र सगळ्यांना आहे.

आणि ज्यांची गाडी आज सर्व्हिस सेंटरला उभी आहे त्यांना सांगते, फोनवर बोलणं बंद करा, आजच ईमेल टाका आणि नकाराचं कारण लेखी मागा, जॉब कार्डची प्रत घ्या, गुडविलच्या पत्रावर सही करण्याआधी ते घरी आणून कोणाला तरी दाखवा. आयोगात जायची मुदत साधारण दोन वर्षांची असते, ती फोनवरच्या आश्वासनांत घालवू नका.

आपली,
बेसा, नागपूर इथली एक ईव्ही मालक